कोणता कृमी घ्यायचा?

प्लॅटिनमची बारीक तार काचेच्या नळीच्या तोंडाशी बसवायची, तिचे टोक ठोकून चपटे करायचे, ज्योतीवर धरून ते लाल होऊ द्यायचे आणि निवले की सूक्ष्मदर्शकाखालच्या डिशमध्ये सरपटणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीला त्या टोकावर अलगद उचलून दुसऱ्या डिशमध्ये सोडायचे, हेच प्रयोगशाळेतले माझे पहिल्या वर्षाचे काम होते. ऐकायला ते सोपे वाटते. तार कोरडी असेल तर कृमी तिला चिकटत नाही, म्हणून आधी डिशमधल्या जीवाणूंचा थोडासा लगदा टोकाला लावून घ्यावा लागतो. हात जरा जड पडला की डिशमधल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या, थराला ओरखडा उठतो, त्या भेगेतून कृमी खाली शिरतात आणि ती डिश कामातून जाते. उचललेला कृमी फार वेळ हवेत राहिला तर वाळून मरतो. नव्या डिशवर त्याला झटकायचे नसते. तारेचे टोक पृष्ठभागाला टेकवून, तो आपण होऊन उतरेपर्यंत श्वास रोखून थांबायचे असते. पहिल्या महिन्यात मी कितीतरी कृमी मारले. सहा महिन्यांनी मात्र बोलता बोलता, मान न वळवता मी ते काम करू लागले, आणि हाताला ते पूर्ण जमले आहे असे मला मनापासून वाटू लागले.

पुढे हेच काम यंत्राकडे सोपवण्याच्या प्रयत्नात माझी कित्येक वर्षे गेली. त्या वर्षांत मला यंत्रांबद्दल जेवढे कळले, त्याहून अधिक माझ्या हाताबद्दल कळले, आणि ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

या कृमीचे नाव सी. एलेगन्स. तो कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि फळांत राहतो, जीवाणू खातो, कोणाला रोग देत नाही. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याला जेमतेम तीन-साडेतीन दिवस लागतात आणि एक उभयलिंगी कृमी सुमारे 300 पिल्ले देतो. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते, त्यामुळे जिवंत प्राण्याच्या आतली पेशी न कापता, न सोलता पाहता येते. सिडनी ब्रेनर यांनी 1963 साली, चेतासंस्थेचा अभ्यास जनुकांच्या वाटेने करायचा तर प्राणी लहान हवा, त्याच्या पेशी मोजता येण्याजोग्या हव्यात, अशा विचाराने याची निवड केली, आणि 1974 मध्ये त्याच्या जनुकशास्त्राचा पाया घालणारा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रौढ उभयलिंगी कृमीत लिंगपेशी सोडून 959 पेशी असतात आणि त्यांपैकी 302 चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीला नाव आहे. एका प्राण्यात ती जिथे असते, जवळजवळ तिथेच ती दुसऱ्या प्राण्यातही सापडते. एखाद्या चेतापेशीला नावाने हाक मारता येणे, आणि उद्या वेगळ्या प्राण्यात तीच पेशी पुन्हा भेटणे, यातले सुख ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

या 302 पेशींची जोडणी कशी शोधली गेली, ती गोष्ट आमच्या कामाशी फार जवळची आहे. कृमीचे अतिशय पातळ, एकापाठोपाठ एक असे हजारो छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची छायाचित्रे काढायची आणि प्रत्येक तंतू एका छायाचित्रातून पुढच्या छायाचित्रात माग काढत न्यायचा, असे ते काम होते. छेद घेण्याचे कसब निकोल थॉमसन यांचे होते. जॉन व्हाइट यांना घेतले गेले ते हा माग संगणकाकडून काढून घेण्यासाठी. परंतु त्या काळच्या संगणकाचा आवाका तेवढा नव्हता, आणि अखेर आयलीन साउथगेट यांनी आणि इतरांनी छायाचित्रांच्या प्रतींवर पेनाने खुणा करत, आकडे घालत, डोळ्यांनी तंतू ओळखत हे काम पूर्ण केले. 1986 साली ते प्रसिद्ध झाले. दुसरीकडे जॉन सल्स्टन यांनी वाढणाऱ्या गर्भातले प्रत्येक पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी चार चार तास, असे सुमारे दीड वर्ष ते बसले, आणि 1983 मध्ये एका फलित अंड्यापासून निघणाऱ्या सर्व पेशींची वंशावळ जगापुढे आली. 2006 साली हीच वंशावळ संगणकाने आपोआप काढण्याची पद्धत तयार झाली, तेव्हा तिचे उत्तर बरोबर की चूक हे पडताळायला सल्स्टन यांच्या डोळ्यांनी केलेली नोंदच समोर ठेवावी लागली. ज्यांनी हे काम हाताने केले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो आणि त्यांचा हेवाही वाटतो. कारण काय पाहिले आणि ते कोणत्या खुणेवरून ठरवले, हे त्यांनी पानोपानी लिहून ठेवले होते. माझ्या हाताने तसे काही लिहून ठेवले नव्हते.

माझा विषय होता स्पर्शाच्या चेतापेशी. कृमीला हलका स्पर्श जाणवतो तो सहा पेशींमुळे. त्यांतल्या काही पेशींचे लांब तंतू शरीराच्या पुढच्या भागात, तर काहींचे मागच्या भागात त्वचेलगत पसरलेले असतात. डोक्याकडे स्पर्श केला की कृमी मागे सरकतो आणि शेपटीकडे केला की पुढे पळतो. मार्टिन चाल्फी यांनी 1994 साली जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन याच स्पर्शपेशींमध्ये निर्माण करून दाखवले, आणि जिवंत प्राण्यातली एकेक चेतापेशी निळ्या प्रकाशात हिरवी उजळून दिसू लागली. 2008 च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता. त्याआधी, 1981 मध्ये, चाल्फी आणि सल्स्टन यांनी हलका स्पर्श न जाणवणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, कृमी शोधून काढले होते. त्यासाठी वापरलेले साधन आजही जगभर वापरले जाते: भुवईचा एक केस, एका काडीला डिंकाने चिकटवलेला. डोक्यामागे एकदा, शेपटीआधी एकदा, असा आळीपाळीने दहा वेळा केस फिरवायचा आणि कृमी किती वेळा दचकला ते वहीत लिहायचे.

माझी भुवई दाट आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा केस बारीक आणि मऊ होता. आम्हा दोघांचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नसत, आणि आमच्या मार्गदर्शक बाई त्यावर एकच सांगत, “एका प्रयोगातले सगळे कृमी एकाच माणसाने मोजायचे.” नियम योग्य होता. तरीही निरीक्षणात निरीक्षकाची भुवई मिसळलेली आहे हे मला टोचत राहिले. डिशला बाहेरून टिचकी मारून कृमी मागे सरकतो का ते पाहण्याची दुसरी चाचणी आहे. कॅथरीन रँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये तिच्याच आधारे दाखवले, की पुन्हा पुन्हा टिचकी मारली तर कृमी तिला सरावतो, म्हणजे 302 चेतापेशींचा प्राणीही शिकतो. त्या चाचणीत बोटाच्या जागी विजेने ढकलला जाणारा लहानसा दांडा बसवता येतो, तो प्रत्येक वेळी सारख्याच जोराने आदळतो, आणि कॅमेऱ्यातून एकाच वेळी डिशमधल्या कितीतरी कृमींच्या हालचाली टिपता येतात. स्वयंचलनाचे सगळ्यांत साधे आणि निर्विवाद सुख असे असते. हात थकत नाही, कारण तिथे हातच नसतो.

आम्हाला मात्र हालचालीच्या पलीकडे, तंतूपर्यंत जायचे होते. स्पर्शपेशीचा तंतू काही उत्परिवर्ती प्राण्यांत वाकडा वाढतो, अर्ध्यावर थांबतो किंवा तुटतो. 2004 साली मेहमेत फातिह यानिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय अल्प काळाच्या लेसर स्पंदांनी कृमीचे एकेक अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे लांब तंतू, कापले आणि ते पुन्हा वाढतात असे दाखवले, तेव्हापासून तर तुटलेला तंतू कोणत्या जनुकांच्या आधाराने जुळतो हा प्रश्न अनेक प्रयोगशाळांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे उत्तर शोधायचे तर हजारो प्राणी एकेक करून पाहावे लागतात. हाताने ते कसे होते, तर काचेवर अगारचा पातळ चौकोन ओतायचा, त्यावर भुलीच्या औषधाचा थेंब ठेवायचा, कृमी त्यात सोडायचा, वरून झाकणकाच ठेवायची, मग तो कोणत्या कुशीवर पडला आहे ते पाहायचे, कारण पलीकडच्या कुशीची पेशी शरीराच्या जाडीतून धूसर दिसते. मन लावून केले तरी माझे तासाला वीस-पंचवीस प्राणी होत. त्यातला एखादा वेगळा दिसला तर झाकणकाच सरकवून त्याला जिवंत परत काढायचे, म्हणजे त्याची संतती वाढवता येईल. ते दर वेळी साधत नसे.

आम्ही तयार केलेले उपकरण नवलाईचे नव्हते. 2007-08 च्या सुमारास यानिक यांच्या आणि हँग लू यांच्या गटांनी केसाएवढ्या वाहिन्यांच्या चिपवर कृमी धरण्याचे, पाहण्याचे आणि निवडून वेगळे करण्याचे मार्ग दाखवले होते, आणि आम्ही त्याच वाटेने निघालो. साच्यावर पारदर्शक सिलिकॉन रबर ओतून, भट्टीत घट्ट करून, सोलून काढून ते काचेला चिकटवले की आत बारीक वाहिन्या तयार होतात. प्रौढ कृमीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी असते, म्हणून वाहिनी अशी निमुळती ठेवायची की कृमी आत येताच आपोआप सरळ व्हावा. वाहिनीवर पातळ पडदा आणि त्याच्या वर हवेची दुसरी वाहिनी असते. हवेचा दाब दिला की पडदा खाली फुगून वाट बंद करतो, दाब सोडला की वाट उघडते. बाकी काम कॅमेऱ्याचे आणि प्रोग्रॅमचे: कृमी आला का ते ओळखायचे, झडप लावायची, त्या जागी चिप थंड करून त्याची हालचाल थांबवायची, वेगवेगळ्या खोलीवर भिंग नेऊन चित्रे घ्यायची, तंतू शोधायचा, आणि प्राण्याला उजव्या किंवा डाव्या वाटेने पुढे सोडून द्यायचे.

पहिले कित्येक महिने वाहिन्या तुंबण्यात गेले. जीवाणूंचे गोळे, सोललेल्या रबराचा चुरा, हवेचा एखादा बुडबुडा यांपैकी काहीही पुरे होई. अंड्यांनी भरलेले कृमी वाहिनीतच अंडी घालत आणि मागच्यांची वाट अडत असे. प्रोग्रॅमच्या अडचणी निराळ्या होत्या. एकामागोमाग एक चिकटून आलेले दोन कृमी त्याला एकच लांब कृमी वाटत. डोके कोणते आणि शेपूट कोणती, हे मला घशाच्या ठोक्यांवरून क्षणात कळे. त्याला ते शिकवावे लागले. सर्वांत जास्त छळले ते आतड्यातल्या कणांनी. कृमीच्या आतड्यात स्वतःहून चमकणारे बारीक कण असतात, आणि ते एका रांगेत आले की तुटक तुटक झालेल्या तंतूसारखे दिसतात. मी चित्राकडे पाहून एका शब्दात “आतडे” म्हणत असे. ते कशावरून, असे विचारले की मला सांगता येत नसे.

चिपचे काम पाहणारा आमचा अभियंता सहकारी हा प्रश्न सोडून देणाऱ्यांतला नव्हता. एके दिवशी तो म्हणाला, “उपकरणात आलेल्या प्राण्यांपैकी कोणता घ्यायचा आणि कोणता सोडायचा, ते मला लिहून दे. तू हाताने जसे ठरवतेस तसेच.” मी चार ओळी लिहिल्या: प्रौढ असावा, अंडी फार नसावीत, निरोगी दिसावा, अर्धवट वाढलेला नसावा. त्याने कागद वाचला आणि विचारले, “निरोगी म्हणजे काय?” मी म्हणाले, “दिसतो ना.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने डिशमधल्या कृमींच्या चित्रफितींचे दोनशे तुकडे माझ्यापुढे ठेवले आणि प्रत्येकासमोर होय किंवा नाही लिहायला सांगितले. आठवड्याने त्याने आणखी दोनशे दिले. त्यांत पहिल्यांपैकी पन्नास पुन्हा मिसळलेले होते, हे त्याने मला नंतर सांगितले. त्या पन्नासांतल्या काहींना मी आधी होय आणि मग नाही म्हटले होते. तेवढ्याने मला वाईट वाटले नसते, माणसाचे मत हलते. पण माझी होय-नाहीची यादी आणि प्रत्येक कृमीचा वेग त्याने शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्या कागदावर एक गोष्ट अगदी उघडपणे दिसत होती. मला हळू चालणारे कृमी आवडत होते.

त्याचे कारण समजायला मला आणखी एक आठवडा लागला. ते समजले तेव्हा मी तार हातात धरून बसले होते, आणि तारेचे टोक एका कृमीच्या डोक्याजवळ टेकताच तो झटकन मागे सरकला. मी सवयीने त्याच्या शेजारच्याकडे वळले. तो हलला नाही. त्याला मी उचलले.

मी स्पर्शाच्या पेशींचा अभ्यास करत होते. आमच्या उत्परिवर्ती प्राण्यांत सगळ्यांचे तंतू बिघडलेले नसत, काहींचे चांगले असत आणि काहींचे तुटलेले. ज्याचे तंतू शाबूत आहेत त्याला माझी तार जाणवत होती आणि तो पळत होता. ज्याचे तंतू तुटले आहेत त्याला ती जाणवत नव्हती, आणि तोच माझ्या तारेवर आयता येत होता. उचलण्याची क्रिया हीच स्पर्शाची चाचणी होती, आणि त्या चाचणीत नापास होणाऱ्यांचीच तंतूंसाठी तपासणी करून, इतक्यांचे तंतू बिघडलेले आहेत असे मी वहीत लिहीत होते. पळणाऱ्याचा पाठलाग करायला वेळ लागतो आणि हाताला घाई असते. त्यात कोणाची लबाडी नव्हती, आळसही नव्हता. हाताने कौशल्य कमावले होते, आणि त्या कौशल्यातच हा पक्षपात विणला गेला होता.

मी बाईंकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझी जुनी वही मागवली आणि म्हणाल्या, “जे आकडे तारेने उचलून आले आहेत, त्यांच्यासमोर खूण कर. खोडू नकोस.” मग त्यांनी विचारले, “मग यंत्राने मोजलेले आकडे वेगळे आले होते का?” आले होते. उपकरणाने मोजलेल्या बिघडलेल्या तंतूंचे प्रमाण माझ्या प्रमाणापेक्षा सतत कमी येत होते, आणि प्रोग्रॅमला सूक्ष्म बिघाड दिसत नाही असे धरून मी चार महिने त्याच्या डोळ्यांना दोष देत होते. त्याला दिसेना म्हणून आम्ही त्याची संवेदनशीलता वाढवत नेली होती, इतकी की तो आतड्यातल्या कणांना तुटलेले तंतू म्हणू लागला होता. म्हणजे चुकीच्या हाताशी जुळवण्यासाठी आम्ही बरोबर यंत्र बिघडवत होतो. त्या चार महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

एवढे सांगून थांबले तर हाताचीच सगळी चूक होती असे वाटेल, आणि ते खरे नाही. त्याच सुमारास उलटाही अनुभव आला. कृमीला डोळे नसतात, पण निळ्या आणि अतिनील प्रकाशाची त्याला जाणीव असते आणि तो त्या प्रकाशापासून पळतो. हिरवे प्रथिन उजळायला निळाच प्रकाश लागतो. मोकळ्या फिरणाऱ्या कृमीचा पाठलाग करत त्याच्या एका चेतापेशीची चमक मोजण्यासाठी आम्ही दुसरी मांडणी उभी केली, ज्यात कॅमेरा कृमीचे स्थान पाहून सूक्ष्मदर्शकाचे व्यासपीठ सरकवत राहतो आणि प्राणी कायम मध्यभागी ठेवतो. पहिल्या दिवशी व्यासपीठ सुरेख चालले. मात्र कृमी विलक्षण धावत होते. त्यांच्या चेतापेशीही सतत जाग्या दिसत होत्या, आणि काहीतरी नवे हाती लागले अशा आनंदात आम्ही दोन दिवस घालवले. मग लक्षात आले की हाताने काम करताना मी प्रत्येक दृष्टिक्षेपानंतर दिव्यासमोरचा पडदा न कळत बंद करत असे. मला ते कोणी शिकवले होते हेही आठवत नाही. बहुधा पहिल्या वर्षी बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवून सांगितले असेल. यंत्राला ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने दिवा चालू ठेवला, आणि ज्याचे वर्तन मोजायचे त्या प्राण्याला आम्ही अखंड निळ्या उजेडात पळवत राहिलो. हाताने पक्षपात केला तसाच एक शहाणपणाही जपला होता, आणि दोन्ही तितकेच मुके होते.

हे दोन प्रसंग माझ्यासाठी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. प्रयोगाची पद्धत म्हणून आपण जे लिहितो त्यात न मावणारे बरेच काही हातात राहते: किती वेळ थांबायचे, कोणता प्राणी वगळायचा, दिवा केव्हा झाकायचा. यंत्र बांधायला बसले की त्यातले प्रत्येक पाऊल शब्दांत आणि मग आकड्यांत सांगावे लागते, आणि न सांगितलेले पाऊल कुठे ना कुठे उघडे पडते. वेग आणि संख्या यांसाठी लोक स्वयंचलन करतात, आम्हीही त्यासाठीच सुरुवात केली होती. तासाला वीसऐवजी शेकडो प्राणी पाहता येणे ही लहान गोष्ट नाही, कारण दुर्मीळ उत्परिवर्ती त्याशिवाय सापडतच नाहीत. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहे ते हे सक्तीने बोलते होणे.

अर्थात यंत्रही निवड करतेच. वाहिनीच्या मापात न बसणारे प्राणी तिच्या तोंडाशीच राहतात. प्रवाहाविरुद्ध जोराने पोहणारे कृमी उशिरा आत येतात, म्हणजे आमच्या उपकरणालाही मंद प्राणीच आधी भेटतात. हे कळल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, कुपीत घातलेला शेवटचा कृमी मोजून झाल्याशिवाय प्रयोग संपवायचा नाही. दुसरी, प्रोग्रॅमने नाकारलेल्या प्रत्येक प्राण्याचे चित्र कारणासह जपून ठेवायचे. दुसऱ्या ठरावाला विरोध झाला, कारण त्यात साठवणुकीची जागा फार जाते. मी हट्ट धरला. माझ्या तारेने सोडून दिलेल्या कृमींची कुठेही नोंद नाही, त्यांच्याकडे परत जाऊन काही विचारता येत नाही. यंत्राने सोडलेल्यांकडे तरी परत जाता यावे, एवढेच माझे म्हणणे होते.

मोठ्या प्राण्यांवर काम करणाऱ्यांशी बोलताना याच अडचणी वेगळ्या वेशात भेटतात. झेब्राफिशची पिल्ले बारीक काचनळीत ओढून, नळी फिरवून, हव्या त्या कोनातून त्यांचे चित्र घेणारे उपकरण यानिक यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवले, आणि कृमी कोणत्या कुशीवर पडेल या चिंतेत दिवस काढलेल्या मला ते पाहून भरून आले होते. प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूची जोडणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 1,39,255 चेतापेशी आहेत, आणि तंतूंचा माग आता संगणकाने काढला आहे, जे काम जॉन व्हाइट यांच्या संगणकाला पेलले नव्हते. तरीही तो माग तपासायला आणि चुकीचे जोड सोडवायला शेकडो माणसांचे डोळे लागले. साउथगेट यांचे काम संपले नाही, त्याचे रूप पालटले.

कृमीतही अजून बरेच बाकी आहे. मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्याच्या मेंदूतल्या बहुतेक पेशींची चमक एकाच वेळी नोंदता येऊ लागली, तेव्हा दिसणारा ठिपका नेमका कोणत्या नावाच्या पेशीचा हे ओळखणे हेच सर्वांत अवघड ठरले. 2021 साली त्यावर उपाय आला. सगळ्या चेतापेशींना ठरावीक रंगांच्या मिश्रणाने रंगवलेला कृमी तयार झाला, ज्यात पेशीचा रंग आणि जागा मिळून तिचे नाव सांगतात. आमच्या प्रोग्रॅमला आतड्यातले कण आता ओळखता येतात. ते कशावरून ओळखायचे हे मला शेवटी शब्दांत सापडले: तंतू भिंगाच्या खोलीबरोबर सलग सरकतो, कण एकेकटे उजळून विझतात. इतकी वर्षे मी हेच पाहत होते.

गेल्या महिन्यात एक नवी विद्यार्थिनी आली. उपकरण शेजारी चालू असताना तिला मी तारच शिकवायला घेतली. टोक चपटे कर, लाल होऊ दे, निवू दे, जीवाणू लाव. तिने डिशमध्ये पाहिले, एका कृमीजवळ टोक नेले. तो मागे सरकला. ती दुसऱ्याकडे वळू लागली.

“दुसरा नको,” मी म्हणाले. “तोच उचल.”

तिने पुन्हा प्रयत्न केला. तो वळला, जीवाणूंच्या थराच्या कडेला गेला, पुन्हा आत आला. पाचव्या वेळी त्याची शेपटी तारेला चिकटली आणि तो उचलला गेला, अर्धा हवेत वळवळत. नव्या डिशवर तिने टोक टेकवले आणि श्वास रोखला. मी दुसऱ्या भिंगातून पाहत होते. बराच वेळ तो तारेलाच वेढा घालून राहिला. मग डोके खाली आले, अगारला लागले, आणि तो सावकाश उतरून निघून गेला.

“याची नोंद कशी करू?” तिने विचारले.

“पाचव्या प्रयत्नात उचलला, असे लिही,” मी म्हणाले, आणि तिने तसे लिहिले.